बिडाला बीड, पण जर्मनला काय?

यंत्राचा तुटलेला भाग कशाने जोडायचा, हा प्रश्न सातारा-सांगली भागात ओतशाळेबरोबरच आला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि किर्लोस्करवाडी जन्माला आली. पुढे १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी साताऱ्याजवळ, सातारारोडला आपला कारखाना काढला. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, हे आज फारसे कुणाला आठवत नाही.) नांगर, चरक, पंप आणि मग डिझेल इंजिन असा हा प्रवास. यातले बहुतेक सगळे ओतकाम बिडाचे.

बीड कणखर खरे, पण आपटले की फुटते. भर हंगामात उसाचा चरक किंवा विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर नवा भाग येईपर्यंत पीक थांबत नाही. म्हणून जोडकाम करणाऱ्याला मान होता. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची बत्ती फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास तयार झाली. हे वायू आपल्याकडे विकणारी इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन ही कंपनी १९३५ साली कलकत्त्यात स्थापन झाली आणि हळूहळू नळकांडी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. बीड जोडण्याची रीत ठरून गेली. तुटलेला भाग कोळशाच्या भट्टीत लालसर तापवायचा, बिडाचीच काडी वितळवून चीर भरायची आणि मग तो राखेत पुरून एक-दोन दिवस सावकाश निवू द्यायचा. घाई केली की शेजारीच नवी चीर पडणार. ज्या धातूचे अंग त्याच धातूची काडी, हा या धंद्यातला पहिला धडा. बिडाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही होता.

या धड्याला धक्का दिला तो ॲल्युमिनियमने, म्हणजे आपल्या आयाबायांच्या भाषेत जर्मनने. हा धातू स्वस्तात काढण्याची युक्ती १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांना एकाच वर्षी सापडली. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ आणि साच्यात नीट न भरणारे. त्यात बारा-तेरा टक्के सिलिकॉन मिसळले तर रस पाण्यासारखा पळतो, मात्र कण जाड आणि ठिसूळ राहतात. अलादार पाझ या हंगेरियन वंशाच्या संशोधकाने १९२० च्या सुमारास रसात चिमूटभर सोडियम घालून तो दोष काढला. इंजिनाचे भाग ॲल्युमिनियममध्ये ओतण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. मोटारी आणि विमाने त्या वाटेने गेली आणि मागोमाग स्कूटर.

साताऱ्यात ती स्कूटर अक्षरशः दारात आली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर रस्त्यावर धावू लागली. नोकरदाराला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असे, तो हा काळ. तेव्हा क्रँककेसला तडा गेला म्हणून नवा घेणे सोपे नव्हते. दगडावर आपटून तडा, तेल सोडायच्या बोल्टाचे आटे गेलेले, पकडीचा कान तुटलेला, असली दुखणी गॅरेजमध्ये येत. तिथे बिडाचा अनुभव घेऊन बसलेले मिस्त्री होते.

त्यांची पहिली अडचण अशी की हा धातू तापला तरी लाल होत नाही. दिसायला जसाच्या तसा, आणि एकदम खाली ओघळतो. म्हणून बत्तीच्या धुराने भागावर काजळी धरायची आणि ती काजळी जळून गेली की भाग तापला असे समजायचे, ही युक्ती जगभरच्या गॅरेजांत चालत आली आहे. दुसरी अडचण वरच्या सालीची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरची ऑक्साइडची साल दोन हजार अंशांपलीकडे. साल फोडायला क्षारांची पूड लावावी लागते. ती गरम पाण्याने नीट धुतली नाही, तर पावसाळ्यात जोडावर पांढरी भुकटी येते आणि जोड आतून खाल्ला जातो.

तिसरी अडचण म्हणजे काडी, आणि खरी मेख तिथेच होती. 'जर्मनला जर्मन' या न्यायाने कुणी ॲल्युमिनियमची तार घेई, तर कुणी भांड्याच्या पत्र्याची पट्टी कापी. दोन्ही जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम. इंजिनाचे ओतकाम मात्र सिलिकॉनवाले. ते साडेपाचशे अंशांच्या आसपासच ओघळू लागते, म्हणजे काडी वितळण्याआधी भागाची कडाच बसते. समजा कडा सांभाळली, तरी भोक भरताना जोडात बहुतेक काडीचाच धातू असतो. तिथले सिलिकॉन एक-दोन टक्क्यांवर येते, आणि निवताना तडा जाण्याची भीती नेमकी याच प्रमाणाला सर्वांत जास्त. जोड हातात असतानाच तडकन उले. 'ॲल्युमिनियमला जोड बसत नाही' हा समज पसरण्यामागे माझ्या मते मिस्त्रीच्या हातापेक्षा ही तार जास्त दोषी आहे.

ज्याने जुन्या फुटक्या केसचेच तुकडे वितळवून काड्या ओतल्या, त्याला जास्त यश आले. पिस्टनच्या काडीचेही तसेच, कारण पिस्टनमध्ये बारा टक्क्यांच्या घरात सिलिकॉन असते. कारण ठाऊक नसले तरी निवड बरोबर होती. मात्र तेल मुरलेल्या भंगाराची काडी जोडात बुडबुडे सोडते. भाग आधी सोड्याने धुऊन, तापवून तेल बाहेर काढणे हे काडीइतकेच महत्त्वाचे.

मग आले टिग, आपल्याकडच्या पाट्यांवरचे 'आरगॉन वेल्डिंग'. अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत बसवली. टंगस्टनच्या टोकाची ठिणगी, भोवती हवा अडवणारा वायू आणि काडी दुसऱ्या हातात. ॲल्युमिनियमसाठी उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह वापरतात. त्याच्या एका फेरीत साल फुटते आणि दुसऱ्या फेरीत धातू वितळतो. क्षारांच्या पुडीची कटकट गेली. काडी निवडण्याची मात्र राहिलीच.

दुकानात आज दोन काड्या सहज मिळतात. ४०४३ मध्ये सुमारे पाच टक्के सिलिकॉन, ५३५६ मध्ये सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम. दुसरी जास्त ताकदीची म्हणून गिऱ्हाईक तीच मागते. पत्र्याच्या टाकीला ती उत्तम. पण सिलिकॉनवाल्या ओतकामात तिचे मॅग्नेशियम सिलिकॉनशी जुळून ठिसूळ कण करते. शिवाय इतके मॅग्नेशियम असलेला जोड सतत ६५ अंशांच्या वर तापत राहिला तर कालांतराने ताणाखाली चिरतो, आणि इंजिन त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून इंजिनाला ४०४३, किंवा तेल-पाणी झिरपू नये असा जोड हवा असेल तर बारा टक्के सिलिकॉनची ४०४७. ताकदवान काडीने इंजिन लवकर फुटावे, हे गिऱ्हाइकाला पटवणे वेल्डिंगपेक्षा अवघड काम आहे.

तांबे असलेल्या ओतकामाचे प्रकरण वेगळे. दाबाने साच्यात भरलेल्या पुष्कळ भागांत तीन-चार टक्के तांबे असते. त्यासाठी सिलिकॉनबरोबर तांबेही असलेली ४१४५ काडी आहे, पण ती सहसा मागवावी लागते. तांबे आहे की नाही हे पाहायला घासलेल्या जागी कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकतात. तांब्याने डाग काळा पडतो, सिलिकॉनने करडा. शंका राहिली तर ४०४३ वापरलेली बरी. दाबाने भरलेल्या भागात वायूही अडकलेला असतो. तो वितळताना फसफसतो आणि मिस्त्रीला वाटते काडी वाईट. अशा वेळी काडी बदलून काही होत नाही. तेवढी जागा खोदून पुन्हा भरावी लागते.

साताऱ्याच्या त्या कारखान्यातून आता स्कूटर निघत नाही. पुढे तिथे ॲल्युमिनियमचे भाग दाबाने ओतण्याचे साचे बनू लागले. 'प्रिया' जपून ठेवलेले काही हौशी लोक मात्र अजून आहेत. तडा गेलेला केस घेऊन ते आरगॉनवाल्याकडे जातात तेव्हा तुटलेला तुकडा बरोबर न्यावा, फेकू नये. थेंबाची परीक्षा त्या तुकड्यावर करता येते आणि पहिला जोडही त्यावरच मारून पाहता येतो.