चिऱ्यांचे घर, चवथीचे घर

पेडणे महालातली कितीतरी जुनी घरे वर्षभर बंद असतात, पण चवथीला त्यांची दारे उघडतात. मखर, माटोळी, आरत्या यांत पाच-सात दिवस कसे जातात ते कळत नाही. ज्या घरात हे सारे घडते, त्या घराकडे मात्र आपण क्वचितच निरखून पाहतो. म्हणून यंदा त्याविषयी थोडे लिहावे असे आम्हांला वाटले.

बार्देश आणि सासष्टी १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेले ते १७८८ साली. मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर पडले. शिवाय या नव्या काबिजादींत लोकांच्या धर्माला आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असे सरकारने मान्य केले होते. घरांची ठेवण त्यामुळे निराळी राहिली. बार्देशातले जुने घर मोठमोठ्या खिडक्यांनी रस्त्याकडे पाहते, तर पेडण्यातले आत, आपल्या चौकाकडे पाहते.

देशप्रभूंचा अनेक चौकांचा वाडा सर्वांना ठाऊक आहे. आम्ही बोलतो आहोत ते साध्या शेतकरी कुटुंबाच्या घराविषयी. पुढे शेणाने सारवलेले खळे आणि तुळस. मळणी, वाळवण, मुलांचे खेळ सारे तिथेच. मग ओसरी, तिला कुणी लोटा म्हणतात. आलेला माणूस इथे टेकतो, कुळांचा हिशोबही इथेच. आत माजघर, त्याला लागून देवघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर आणि बाजूला गोठा. भाताच्या कणग्या कोरड्या जागी, नारळ माळ्यावर. माजघराच्या तुळयांना माटोळी टांगण्याची सोय असते. म्हणजे घर बांधतानाच गणपतीची जागा ठरलेली असे.

भिंती चिऱ्याच्या. हा तांबडा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा-ऊन लागले की तो कठीण होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या इंग्रज सरकारच्या पाहणीदाराने मलबारातल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. ऐपत असेल त्याने सांधे चुन्याने भरले, इतरांनी मातीने. मातीच्या सांध्यांत पाणी शिरले की भिंत ढासळते. म्हणून जोते उंच आणि छप्पर खाली उतरलेले. वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात ही गरजच होती.

छपरावर पूर्वी माडाची चुडते, गवत किंवा कुंभाराची नळीची कौले असत. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या चपट्या कौलांनी सारा किनारा व्यापला. खालचे वासे माडाचे, तुळया फणसाच्या किंवा किंदळाच्या. अशा छपराला दरवर्षी पावसाआधी माणसाचा हात लागतो. एक कौल सरकले तर रीप कुजते, मग वासा आणि शेवटी भिंत. दगड शंभर वर्षे टिकतो, पण घर टिकते ते दरसाल कौले परतणाऱ्यामुळे.

आज अडचण नेमकी तिथेच आहे. १८७० साली लागू झालेल्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून गोव्यात मुलगा-मुलगी यांना समान वाटा आहे. ही चांगलीच गोष्ट. पण तीन-चार पिढ्यांत घर सर्वांचे होते आणि छप्पर कुणाचेच राहत नाही. त्यात २०२३ पासून मोप्याला विमाने उतरू लागली आणि तालुक्यातल्या जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष गेले. विकायचे की राखायचे, हा प्रश्न आता अनेक कुटुंबांपुढे आहे. ज्याचे त्याने ठरवावे; पण निर्णय घेण्याआधीच घर पावसाने पडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

चवथीला सगळे भाऊबंद एका माजघरात जमतात. आरतीनंतर एक संध्याकाळ घरासाठी ठेवावी. गणपतीचा खर्च जसा वाटून घेतो, तशीच कौलांची वर्गणी ठरवावी आणि एकाकडे हिशोब द्यावा. थोरल्या मंडळींकडून घर कुणी बांधले, कोणती खोली केव्हा वाढवली ते लिहून घ्यावे. गणपतीची पाळी आपण कधी चुकवत नाही. कौलांचीही पाळी तशीच लावून घ्यावी.