आमच्या कपाटात नसलेली पुस्तके

उर्दू माध्यमाच्या शाळेत वह्या तपासताना कितीतरी वर्षे आम्ही एक शब्द लाल शाईने खोडत आलो. तो शब्द म्हणजे ‘नक्को’. मुले लिहितात, ‘अम्मी बोली बाहर नक्को जाओ.’ आम्ही ‘नक्को’ खोडायचो, वर ‘मत’ लिहायचो आणि वर्गाला बजावायचो की ही बाजारी बोली आहे, किताबी उर्दू अशी नसते. ‘मेरेकूच दिया’ मधला ‘च’ तर दुप्पट रागाने खोडायचो. बी.एड.ला शुद्ध भाषेचा आग्रह आम्हाला शिकवला गेला. ही अशुद्ध भाषा आली कुठून, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मुल्ला वजहीचे ‘सबरस’ हाती पडले तेव्हा आमची चांगलीच फजिती झाली. हा ग्रंथ १६३५ चा. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या सांगण्यावरून लिहिलेला, दखनी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. त्यात ‘नको’ आहे, जोर देणारा ‘च’ही आहे. दोन्ही मराठीतून दखनीत गेलेले. म्हणजे ज्या शब्दाला आम्ही वर्गाबाहेर उभे करत होतो, तो पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी शाही दरबारात बसलेला होता. वाचकहो, शिक्षकाला आपली चूक कळायला पुस्तकच लागते. मुलांनी सांगून आम्ही थोडेच ऐकले असते!

हे ‘सबरस’ पुन्हा लोकांसमोर आणले मौलवी अब्दुल हक यांनी. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ते चिटणीस. अंजुमनचे ठाणे तेव्हा औरंगाबादेत होते (२०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर). १९३२ मध्ये तिथून ‘सबरस’ छापले गेले आणि पुढच्याच वर्षी अब्दुल हकांचे स्वतःचे एक पुस्तक आले : ‘मरहटी ज़बान पर फ़ारसी का असर’. बाबा-ए-उर्दू म्हणून ज्यांच्या नावाने आपण मुशायरे भरवतो, त्यांनी मराठीवर अख्खे पुस्तक लिहिले, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत किती जणांना ठाऊक असेल? आम्हालाही वयाच्या तिशीपर्यंत ठाऊक नव्हते.

या पुस्तकाशेजारी ठेवायचा तो माधव त्र्यंबक पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’, १९२५ चा. हे पटवर्धन म्हणजेच कवी माधव जूलियन. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फार्सी शिकवत. हा कोश आम्ही शाळेतल्या वस्तूंपासून उघडला. दप्तर, कागद, शाई, दौत, हजेरी, तारीख, रजा... घंटा आणि फळा सोडला तर शाळेत मराठीचे म्हणून उरते काय, असे गमतीने वाटून गेले. उलट्या बाजूने ‘पाणीदार’ आणि ‘लाचखोर’ पाहा. धड मराठी, शेपूट फार्सी. (लाच खाणाऱ्याला नाव द्यायला दोन भाषांना एकत्र यावे लागले, यावर काय बोलावे!) गंमत अशी की हेच पटवर्धन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. ज्याने शब्दांची वंशावळ मांडली, त्यालाच ते शब्द परके वाटू लागले. आम्हाला त्यांच्यावर रागावता येत नाही. लाल शाईची बाटली आमच्याही टेबलावर होती.

भाषेबद्दल एवढे लिहिण्याचे कारण इतिहासाच्या तासाला घडले. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, आमची मुले तो उर्दूतून वाचतात. एका मुलाने विचारले, “सर, यात हम कौनसी बाजू के?” वर्ग शांत झाला. आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर दिले आणि घंटेची वाट पाहिली.

त्या मुलाला उत्तर द्यायचे तर सेतुमाधवराव पगडी वाचावे लागतात. निलंग्याचा हा माणूस हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीत वाढला, फार्सी-उर्दू घरच्यासारखी जाणे. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमा डोळ्यांनी पाहिलेल्या भीमसेन सक्सेनाची फार्सी बखर त्यांनी मराठीत आणली. लिहिणारा बऱ्हाणपूरचा कायस्थ हिंदू, भाषा फार्सी, चाकरी मोगलांची, धनी दलपतराव बुंदेला. इकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान, दफ्तरात फार्सी पत्रव्यवहाराला काझी हैदर. आता बाजू कुठली मोजायची? धर्माने मोजायला बसलो तर पाठ्यपुस्तकातली एकही लढाई नीट मोजता येत नाही. पगडींचा ‘सूफी संप्रदाय’ही वाचावा, पण आधी भीमसेन.

आणि रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’, १९६७ चे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. हुसेन अंबरखानाने गीतेवर मराठीत टीका लिहिली, तिचे नावच ‘अंबरहुसेनी’. मराठी ही आपली भाषा आहे की नाही, असा वाद अधूनमधून आपल्याच बैठकांत निघतो. तो वाद घालणाऱ्यांनी निदान या पुस्तकाची अनुक्रमणिका तरी चाळावी.

अडचण वेगळीच आहे. कोकणातल्या आमच्या नातेवाइकांकडे ढेरे आणि पगडी पोचू शकतात, पण अब्दुल हक त्यांच्यासाठी बंद, कारण लिपी येत नाही. मराठवाड्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांना अब्दुल हक वाचता येतील, पण ढेऱ्यांच्या मराठीपुढे ते दुसऱ्या पानावर थांबतात. कपाट एकच, अर्धे इकडून कुलूपबंद, अर्धे तिकडून. दोन्हीकडच्यांना एकाच वेळी हाती देता येईल असे एक पुस्तक आम्ही सुचवू : श्रीधर रंगनाथ कुलकर्णींचे ‘दक्खिनी भाषा : मऱ्हाटी संस्कृतीचा एक आविष्कार’. आहे मराठीत, पण त्यातला विषय उर्दू माध्यमाच्या मुलाच्या तोंडातच आहे. आम्ही त्यातली उदाहरणे सातवीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ये तो मेरी दादी बोलती!”

परीक्षेत ‘नक्को’ला गुण मिळत नाहीत, तेव्हा वहीत ‘मत’ अजूनही लिहावे लागते. आता ते शेजारी लिहितो. मूळ शब्द खोडत नाही.