अहिल्यानगर जिल्ह्यातील पिकअप वाहने

पिकअप हे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे उघडा हौदा अशी रचना असलेले हलके मालवाहू वाहन होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कांदा, टोमॅटो, डाळिंब, फुले, पशुखाद्य आणि जनावरे यांची शेतापासून बाजारापर्यंतची वाहतूक मोठ्या प्रमाणावर या वाहनातून होते. साधारणपणे पाऊण टन ते दोन टन भार वाहणारी ही वाहने महिंद्रा, टाटा, अशोक लेलँड, मारुती सुझुकी आदी कंपन्या बनवितात. २००५ नंतर या कंपन्यांमधील स्पर्धा तीव्र झाली व दर काही वर्षांनी जुन्या वाहनांचे आराखडे नव्याने आखले जाऊ लागले. या स्पर्धेत भारक्षमता आणि हौद्याची लांबी सातत्याने वाढत गेली. चालकाच्या सुरक्षिततेची साधने मात्र पुष्कळ उशिरा आली.

संज्ञा व व्याप्ती

पिकअप हा शब्द अमेरिकेतून आला असला तरी अमेरिकेतील पिकअप आणि नगरच्या बाजार समितीत उभी असलेली पिकअप यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. तिकडे फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो आणि रॅम १५०० ही तीन पूर्णाकृती वाहने परस्परांची प्रतिस्पर्धी मानली जातात. त्यांची पुनर्रचना करताना वजन घटविणे, ओढण्याची शक्ती वाढविणे आणि घरगुती मोटारीसारखा आराम देणे यांवर भर असतो. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० साठी ॲल्युमिनियमचे आवरण स्वीकारले, तर रॅमने मागच्या पाट्यांच्या जागी गुंडाळी स्प्रिंग बसविल्या. भारतात अशा धर्तीची इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) ही वाहने विक्रीस आली. परंतु ती हौसेची वाहने ठरली, मालवाहतुकीची नव्हेत. भारतीय पिकअपचे मागचे लोखंडी पाटे अजूनही एकावर एक रचलेले असतात आणि ग्राहक ते मोजून पाहतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालासह एकूण वजन ३.५ टनांपर्यंत असणारी मालवाहू वाहने 'एन १' वर्गात मोडतात. बहुतेक पिकअप याच वर्गातील आहेत. व्यवहारात मात्र वाहनाची ओळख 'पासिंग'वरून सांगतात. 'दीड टन पासिंग' म्हणजे परिवहन कार्यालयात दीड टन माल वाहण्यासाठी नोंदलेली गाडी. एम एच १६ (अहिल्यानगर) व एम एच १७ (श्रीरामपूर) हे जिल्ह्यातील नोंदणी क्रमांक होत.

ग्रामीण बोलीत पिकअप आणि टेम्पो हे शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. ते मराठीत सामान्यनाम होऊन बसले, ते एका नगरच्या घराण्यामुळे.

पूर्वपीठिका

नगरचे वकील व स्वातंत्र्यसैनिक कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे सभापती होते. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीतील फिडाल उंट झोन टेम्पो वेर्के या कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. आरंभी मुंबईतील गोरेगाव येथे 'हान्सीट' या तीन चाकी मालवाहू गाडीचे उत्पादन होत असे. पुढे १९६४ मध्ये कारखाना पुण्याजवळील आकुर्डी येथे गेला. तीन चाकीपाठोपाठ आलेली 'मॅटाडोर' ही चार चाकी गाडी इतकी रूढ झाली की एका पिढीच्या तोंडी तेही सामान्यनामच झाले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे बदलण्यात आले. नवलमल यांचे बंधू हस्तिमल फिरोदिया यांनी नगरच्या औद्योगिक वसाहतीत कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना काढून लूना ही मोपेड बनविली. तिचा या लेखाच्या विषयाशी थेट संबंध नाही. तथापि जिल्ह्यात वाहन-उद्योगाची सवय आणि कारागिरी रुजण्यात या कारखान्याचा वाटा नाकारता येत नाही.

हलक्या मालवाहू वाहनांमधील पहिली मोठी स्पर्धा १९८० च्या दशकात झाली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी या चार जपानी सहकार्याच्या कंपन्या एकाच सुमारास भारतात उतरल्या. त्यांना उत्तर म्हणून टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीने १९८६ साली 'टाटा ४०७' बाजारात आणली व ती स्पर्धा जिंकली. ४०७ ही पिकअपपेक्षा मोठी गाडी आहे. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच कंपनीची 'टाटामोबाइल २०६' आली. तिच्याच पायावर पुढे सिएरा व इस्टेट या मोटारी तयार झाल्या आणि मालवाहू शाखेतून '२०७' ही पिकअप प्रचारात आली.

छोटा हत्ती

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' ही गाडी विक्रीस आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात तिचा आराखडा तयार झाला होता. दोन सिलिंडरचे सुमारे सातशे घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, पाऊण टन भारक्षमता आणि सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास किंमत, असे तिचे स्वरूप होते. तीन चाकी मालवाहू रिक्षा आणि मोठा टेम्पो यांच्यामधील रिकामी जागा तिने भरून काढली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले, आणि कंपनीच्या नावापेक्षा तेच टिकले.

छोट्या हत्तीचे यश पाहून प्रतिस्पर्धी पुढे सरसावले. महिंद्राने मॅक्सिमो (२०१०) व जीतो (२०१५), तर मारुती सुझुकीने सुपर कॅरी (२०१६) आणली. मात्र अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात, जिथे माल जड आहे आणि बाजार साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, तिथे पाऊण टनाची गाडी गावातल्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणापर्यंतच पुरी पडते. बाजाराचा खरा भार तिच्याहून मोठ्या पिकअपवर पडला.

पिकअपची स्पर्धा

या गटात महिंद्रा दीर्घकाळ आघाडीवर आहे. २००० साली आलेल्या बोलेरो या मोटारीच्या नावाने कंपनीची पिकअप ओळखली जाऊ लागली. जीपच्या परंपरेतील ही गाडी गावातल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होते, सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि जुनी गाडी विकताना किंमत येते. ग्राहकाने दिलेली ही तीन कारणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

२०११ साली अशोक लेलँड व निसान यांच्या संयुक्त कंपनीने सव्वा टनाची 'दोस्त' आणली. मोठ्या ट्रकसाठी प्रसिद्ध असलेल्या अशोक लेलँडचा या छोट्या गटातील तो प्रवेश होता. निसानशी असलेली भागीदारी २०१६ मध्ये संपली, पण दोस्त टिकली, आणि २०२० साली तिची मोठी आवृत्ती 'बडा दोस्त' आली. टाटा मोटर्सने जानेवारी २०१७ मध्ये 'योद्धा' व २०१९ मध्ये 'इन्ट्रा' सादर केल्या. महिंद्राने बोलेरो पिकअपच्या १.३, १.५ आणि १.७ टनांच्या आवृत्त्या काढल्या. २०२२ मध्ये टाटाने 'योद्धा २.०' मध्ये दोन टनांची भारक्षमता दिली. एप्रिल २०२३ मध्ये महिंद्राच्या नव्या 'बोलेरो मॅक्स पिकअप' मालिकेतही दोन टनांची गाडी होती व हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे दहा फुटांपर्यंत गेली होती.

हे आकडे शेतकऱ्याच्या भाषेत मांडल्यास स्पर्धेचा अर्थ कळतो. टोमॅटोच्या एका कॅरेटमध्ये सुमारे वीस किलो माल धरला, तर सव्वा टनात बासष्ट आणि दोन टनांत शंभर कॅरेट बसतात. कॅरेटचे स्वतःचे वजन वेगळे. पन्नास किलोच्या कांद्याच्या गोण्या अनुक्रमे पंचवीस आणि चाळीस होतात. इंधन, चालक आणि टोलचा खर्च दोन्ही खेपांना जवळपास सारखाच असल्याने जादा पंधरा गोण्यांचे भाडे हीच मालकाची मिळकत असते. म्हणूनच कंपन्यांची चढाओढ वेगासाठी वा देखणेपणासाठी न होता पासिंगसाठी झाली.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जन-मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या किमती वाढल्या आणि त्यांची दुरुस्तीही गुंतागुंतीची झाली. संगणक जोडल्याशिवाय दोष कळत नाही, अशी गाडी गावातल्या मिस्त्रीच्या हातून सुटली. सीएनजीवरील पिकअप त्यानंतर वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

जिल्ह्यातील उपयोग

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा एकाच बाजारपेठेवर अवलंबून नाही. नेवासे तालुक्यातील घोडेगाव आणि नगरजवळील नेप्ती येथे कांद्याचे मोठे लिलाव होतात. राहाता येथे डाळिंबाचा बाजार आहे. संगमनेरच्या पठार भागातील टोमॅटो पुणे–नाशिक मार्गाने जुन्नर तालुक्यातील नारायणगावला जातो. पारनेरकडील भाजीपाला आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याणला पोहोचतो. फुलांची गाडी रात्री निघून पहाटे पुण्यात किंवा दादरला पोहोचावीच लागते. दोन तासांचा उशीर झाला तरी भाव पडतो. उसाची वाहतूक मात्र ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाडीने होते, त्यात पिकअपला स्थान नाही.

गाडीची परीक्षा घाटात होते. पाथर्डीकडून नगरला येताना करंजी घाट, घोडेगाव–नगर मार्गावर इमामपूर घाट आणि संगमनेरच्या दक्षिणेस चंदनापुरी घाट ही तिची परिचित ठिकाणे. भरलेली पिकअप घाटात 'दम' धरते की नाही, यावर गावात तिची कीर्ती ठरते.

बाजाराखेरीज इतर उपयोगही अनेक आहेत. दुष्काळात हौद्यात टाकी ठेवून पाणी आणि चारा वाहिला जातो. मेंढपाळांची बिऱ्हाडे पूर्वी घोड्यांवर लादली जात. आता काही वाडे पिकअपमधून हलतात. लग्नसराईत रुखवत, मंडपाचे साहित्य आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती याच गाडीवर चढतात. अल्पभूधारक कुटुंबातील तरुणांनी कर्ज काढून पिकअप घेणे आणि शेतीबरोबर भाडे मारणे हा जिल्ह्यात रुळलेला जोडधंदा आहे. अशा कुटुंबात गाडीचा हप्ता आणि कांद्याचा भाव यांचा संबंध अतूट असतो. भाव कोसळला की शेतमाल निघत नाही, माल निघाला नाही की भाडे मिळत नाही आणि हप्ता तर ठरल्या तारखेलाच येतो.

भार, परवाना व विमा

नोंदलेल्या क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे ही या वाहतुकीतील जुनी व्याधी आहे. मागे जादा पाटे चढवून, फाळक्यावर फळ्या लावून दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरल्याची उदाहरणे रस्त्यावर पाहावयास मिळतात. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमानुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. त्यामुळे अधिक पासिंगची नवी गाडी घेणे हा दंड टाळण्याचाही एक मार्ग झाला. पासिंग वाढले तसा जादा भारही वाढत गेला, हे मात्र नमूद केले पाहिजे.

चालक-परवान्याबाबत बराच काळ संभ्रम होता. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याने मालवाहू पिकअप चालविल्यास विमा कंपन्या भरपाई नाकारीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात व पुन्हा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाच्या निकालात स्पष्ट केले की, ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे.

हौद्यात माणसे बसविण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मजूर, यात्रेकरू, वऱ्हाडी यांना मालवाहू गाडीतून नेणे बेकायदा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर प्रवास करणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण मिळाले. इतरांना ते नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात निर्णय दिला. म्हणजे स्वतःच्या कांद्याबरोबर बाजारात जाणारा शेतकरी संरक्षित आहे; त्याच गाडीच्या हौद्यात कामावर निघालेल्या खुरपणीच्या बायका नाहीत. अपघातानंतर हा भेद कळून उपयोग नसतो.

सुरक्षितता व चाचणी

प्रवासी मोटारींत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. भारत एनसीएपी ही धडक-चाचणीची गुणांकन योजनाही २०२३ मध्ये प्रवासी मोटारींसाठी सुरू झाली. वातानुकूलित केबिनची सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून आली, तीही ३.५ टनांहून मोठ्या मालवाहू वाहनांपुरती. बहुतेक पिकअपचा चालक या तिन्ही तरतुदींच्या बाहेर राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये महिंद्राने ७.९९ लाख रुपयांपासून पुढे किंमत असलेल्या 'वीरो' या गाडीत चालकाची एअरबॅग सर्व आवृत्त्यांत दिली, तेव्हा या गटात ती नवलाईची गोष्ट ठरली.

भारतात विक्रीपूर्वी वाहनांना नमुना-मान्यता देणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना, नगर येथेच आहे. लष्करी वाहनांसाठी ती प्रसिद्ध असली तरी तिच्या आवारातील राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्राच्या धावपट्ट्यांवर नागरी वाहनांच्याही चाचण्या घेतल्या जातात.