डेल्फी

डेल्फी : प्राचीन ग्रीकांचे अपोलो देवाचे क्षेत्र आणि कौल घेण्याचे सर्वांत मान्यवर ठिकाण. मध्य ग्रीसमधील फोकिस प्रदेशात, पार्नासस पर्वताच्या दक्षिण उतारावर ते वसले आहे. अथेन्सपासून अंतर रस्त्याने सुमारे १८० किमी. पाठीशी फेड्रिआडीझ नावाचे ताशीव कडे, खाली प्लेस्टॉस नदीची खोल दरी आणि तिच्या तोंडाशी ऑलिव्हच्या बागांपलीकडे दिसणारे इतेआचे बंदर. युनेस्कोने १९८७ मध्ये या स्थळाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

झ्यूसने पृथ्वीच्या दोन टोकांकडून दोन गरुड सोडले व ते येथे भेटले, म्हणून हे पृथ्वीचे नाभिस्थान, अशी ग्रीकांची श्रद्धा होती. त्या नाभीचे चिन्ह असलेला कोरीव दगड संग्रहालयात आहे. अपोलोने पायथॉन या सर्पाला मारून हे स्थान मिळवले, अशी कथा असून येथे अंगात येऊन कौल देणाऱ्या पुजारिणीचे पिथिया हे नाव त्या सर्पाच्या नावाशी जोडले जाते.

येथे जे चाले त्यासाठी मराठीत ‘भविष्यवाणी’पेक्षा कोकणातल्या देवळांतला ‘कौल’ हाच शब्द जवळचा आहे. येणारा माणूस बहुधा पुढे काय होणार हे विचारत नसे. अमुक करू की नको, असे विचारत असे. वसाहत कोठे वसवावी, कोणत्या देवाला काय वाहावे, युद्धाला निघावे का, असे प्रश्न नगरराज्येही पाठवीत. महिन्यातून एक दिवस कौल लागे आणि हिवाळ्याचे तीन महिने तोही बंद असे. आधी बकरीवर पाणी शिंपडत. ती थरथरली नाही तर त्या दिवशी विचारणा होत नसे. विधीचे शुल्क होते आणि रांगेत मानाचा क्रम होता. मंदिरासमोरची मोठी वेदी कीऑस बेटाने बांधून दिली; त्या बेटाच्या लोकांना आधी विचारण्याचा मान असल्याचे वेदीवरच कोरले आहे. ‘पर्शियनांवर चढाई केलीस तर मोठे साम्राज्य बुडवशील’ हा लीडियाचा राजा क्रीसस याला मिळालेला कौल हीरोडोटसने नोंदवला आहे. बुडाले ते क्रीससचेच. पिथियाच्या अंगात येण्याचे कारण जमिनीतून निघणारे वायू असावेत, असे काही भूवैज्ञानिकांनी सुचवले असले, तरी तो वाद मिटलेला नाही.

अवशेष पाहण्याचा मार्ग म्हणजे जुना यात्रामार्गच. रोमन काळातल्या बाजारचौकातून आत शिरले की नागमोडी चढ लागतो. पहिल्याच टप्प्यावर दोन्ही बाजूंना नुसती जोती उरली आहेत आणि बहुतेक प्रवासी तेथून झपाझप पुढे जातात. ती चूक आहे, कारण डेल्फीचा स्वभाव येथेच कळतो. मॅरेथॉनच्या विजयाबद्दल अथेन्सने येथे पुतळ्यांची रांग उभारली. इ. स. पू. ४०५ मध्ये स्पार्टाने अथेन्सचे आरमार बुडवल्यावर आपल्या नौसेनापतींचे भलेमोठे स्मारक तिच्या शेजारीच उभे केले. पुढे स्पार्टाचा पाडाव झाल्यावर आर्केडियाच्या लोकांनी आपले पुतळे स्पार्टाच्या स्मारकाच्या पुढ्यात आणून बसवले. देवाला वाहिलेल्या या वस्तू प्रत्यक्षात शेजाऱ्यांना मारलेले टोमणे होते. सर्व ग्रीकांच्या एकजुटीचे सर्वांत गाजलेले स्मारक म्हणजे प्लॅटीआच्या लढाईनंतर (इ. स. पू. ४७९) उभारलेला, पर्शियनांविरुद्ध लढलेल्या ३१ नगरांची नावे कोरलेला काशाचा सर्पस्तंभ. त्यावरची सोन्याची तिवई पुढे फोकिसवाल्यांनी युद्धखर्चासाठी वितळवली आणि खुद्द स्तंभ सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या राजधानीत नेला. तो आज इस्तंबूलमध्ये उभा आहे. डेल्फीत दिसते ती प्रतिकृती.

वर चढताना वळणावर अथेन्सचे संगमरवरी कोषगृह लागते. नगराने वाहिलेल्या वस्तू ठेवण्याच्या या छोट्या वास्तूची फेरउभारणी १९०३ ते १९०६ या काळात अथेन्स नगराच्या खर्चाने झाली. तिच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रे स्वरलिपीसह कोरलेली सापडली. प्राचीन ग्रीक संगीताच्या उरलेल्या नमुन्यांत त्यांचे स्थान मोठे आहे.

अपोलोचे मंदिर तीनदा तरी बांधले गेले. इ. स. पू. ५४८ मध्ये ते जळाले, ३७३ मध्ये भूकंपात पडले. आज दिसते ते त्यानंतर इ. स. पू. चौथ्या शतकात बांधलेल्या मंदिराचे सुमारे ६० मी. लांबीचे जोते, त्यावरचे सहा खांब विसाव्या शतकात पुन्हा उभे केलेले आहेत. प्रवेशमंडपात ‘स्वतःला ओळख’, ‘अति काही नको’ अशी वचने कोरलेली होती. क्लेआर्कोस नावाच्या ग्रीकाने डेल्फीची वचने उतरवून थेट अफगाणिस्तानातील आय खानूमपर्यंत नेली, हे तेथे सापडलेल्या शिलालेखावरून कळते. मंदिराच्या वर सुमारे पाच हजार प्रेक्षकांचे नाट्यगृह आणि त्याहून उंचावर धावण्याचे मैदान आहे. दर चार वर्षांनी होणारे पिथियन खेळ मुळात गाण्यावाजवण्याच्या स्पर्धेतून वाढले. विजेत्याला लॉरेलच्या पानांचा मुकुट मिळे.

रस्त्याच्या खालच्या अंगाला अथीना प्रोनाइआचे आवार आहे. तेथील वर्तुळाकार वास्तूच्या बाहेरच्या वीस खांबांपैकी तीन १९३८ मध्ये पुन्हा उभे केले. डेल्फीचे म्हणून जे छायाचित्र सर्वत्र छापले जाते ते बहुधा याच तीन खांबांचे. कौलाशी या वास्तूचा संबंध असल्याचा पुरावा मात्र नाही.

इ. स. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोशसने जुन्या देवांची पूजा बंद केली. पुढे अवशेषांवर कास्त्री हे गाव वसले. देवळाचे चिरे घरांच्या भिंतींत गेले. १८९२ मध्ये अथेन्सच्या फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने उत्खनन सुरू केले, त्यासाठी अख्खे गाव उठवून पश्चिमेला हलवावे लागले. खोदकामाच्या परवान्याच्या वाटाघाटींत ग्रीक मनुकांवरील फ्रेंच जकातीचाही प्रश्न होता. गावकऱ्यांचा विरोध इतका होता, की कामाला सशस्त्र पहारा ठेवावा लागला. आज ज्याला आपण ‘निर्जन अवशेष’ म्हणतो, ते निर्जन केलेले आहे.

१८९६ मध्ये मिळालेला काशाचा सारथी संग्रहालयात आहे. उंची १.८० मी., डोळे जडवलेले, हातात लगाम. रथ व घोडे तुकड्यांतच सापडले. दरडीखाली गाडला गेल्यामुळेच तो वितळवणाऱ्यांच्या हाती लागला नाही. वेळ थोडा असेल तर मैदानापर्यंतचा चढ सोडावा, संग्रहालय सोडू नये.

मंदिराच्या चौथऱ्याला आधार देणारी अनेककोनी दगडांची भिंत मात्र थांबून पाहावी. वक्र कडांचे हे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले आहेत आणि त्यांवर आठशेंहून अधिक लेख आहेत. त्यांतले बहुतेक गुलामांच्या सुटकेचे आहेत. मालक आपला गुलाम अपोलोला ‘विके’ आणि त्या विक्रीने तो मोकळा होई. लेखांत त्याचे नाव, किंमत आणि साक्षीदारांची नावे दिलेली असतात.