बेंजोचं माहेर

मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो, तो अमेरिकेतल्या बँजोचा कोणीही लागत नाही. तिकडचा बँजो चामडं ताणलेला, गोल; आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी घडवलेला. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर चक्क टाइपरायटरची बटणं. बटणांचा उलगडा सोपा आहे. जपानात नागोयाच्या मोरिता गोरोने 1912 साली, तायशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, टाइपरायटरच्या यंत्रणेवरून ‘तायशोगोतो’ बनवलं. हिंदुस्थानात आल्यावर ते बुलबुलतरंग झालं.

खरा वाद ‘बेंजो’ या नावाचा आहे. मुंबईच्या हॉटेलांतल्या जाझवाल्यांकडून हे नाव आलं, असं एक मत. मला ते पटत नाही. ज्यांच्या बँडमध्ये खरा बँजो वाजत होता, ते बटणांच्या पेटीला बँजो कशाला म्हणतील? ही गफलत खरा बँजो न पाहिलेल्याचीच. माझं बोट कराचीकडे आहे. मकरान-कराचीकडचे बलुच वादक हेच बटणांचं वाद्य वाजवतात आणि त्याला म्हणतात ‘बेंजू’. आता नकाशा आठवा: 1 एप्रिल 1936पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराची आणि मुंबई एकाच सरकारची दोन बंदरं. जपानी माल दोन्हीकडे उतरायचा आणि दुकानदाराने गिऱ्हाईकाला कळावं म्हणून ‘जपानी बँजो’ हे नाव पुढे केलं असणार. कोणी म्हणेल, दोन्ही गावांनी इंग्रजी शब्द आपापला उचलला. पण एकाच परक्या पेटीला एकच चुकीचं नाव दोनदा, स्वतंत्रपणे? माझ्या मते बेंजू आणि बेंजो सख्खी भावंडं आहेत.

घरातली ही पेटी रस्त्यावर आली ती पिकअपमुळे. नुसत्या लाकडाचा आवाज ताशापुढे टिकत नाही. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर थरथरणारी पोलादी तार, की वेढ्यांत वीज उमटते. रिकनबॅकरच्या गिटारवर 1930च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ही युक्ती बेंजोला जशीच्या तशी लागू पडली. मुंबई-कोकणात त्याच्या पार्ट्या उभ्या राहिल्या. विदर्भात संदल-धुमालचा दणका.

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगसारख्या गावातल्या पोरांना मात्र एक सांगणं आहे. आवाज चिरका येतो म्हणून आधी महागडं पिकअप घेऊ नका. बटण सोडलं की तार मोकळी होते आणि नको असलेला मोकळा सूर मागे रेंगाळतो. चांगलं पिकअप तो आणखीच मोठा करून ऐकवतं. आधी उजव्या तळव्याची कड घोडीजवळ टेकवून तार दाबायला शिका. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ ही बेस गिटार आणली, तेव्हा घोडीवरच्या झाकणाच्या आत तारा दाबणारी मऊ पट्टी ठेवली होती, कारण त्याला उभ्या बेसचा आखूड, भरीव ठोका हवा होता. घोडीजवळ तारांखाली स्पंजची पातळ पट्टी सरकवून बघा, फरक लगेच कळेल. एवढं करूनही जनरेटरची घूं घूं उरली, तर मग पिकअप बदला. पण दोन उलट्या वेढ्यांचं घ्या. फेंडरने 1957 साली बेसवर तसंच दुभंगलेलं पिकअप बसवलं. एका गुंडाळीतली घरघर दुसरीतली खोडून काढते, तारेचा सूर मात्र शाबूत राहतो.

आणि कोणाच्या माळ्यावर आजोबांचा बुलबुलतरंग पडला असेल, तर तो भंगारात घालू नका. झाकणाच्या आतली चिठ्ठी बघा. तिच्यावर कारखान्याचं, दुकानाचं किंवा बंदराचं नाव असेल, तर फोटो काढून ठेवा. कराची की मुंबई, हा वाद अशा चिठ्ठ्याच मिटवतील.