सत्य घटना, पडद्यावरील काळ आणि इतिहास : ‘कुर्स्क’ पाणबुडी दुर्घटनेचे चित्रपटीय रूप

प्रस्तावना

ऐतिहासिक घटनेवर चित्रपट निर्माण करताना पात्रे व संवाद यांत फेरफार होणे स्वाभाविक मानले जाते. कालावधीतील फेरफार मात्र सहज नजरेआड होतो. बचावकार्याच्या कथेत तर काळ हाच निर्णायक घटक असतो. तो बदलला की जबाबदारीचे स्वरूपही बदलते. थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘कुर्स्क’ (२०१८) या चित्रपटाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनेचे स्वरूप

१२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात रशियन नौदलाचा सराव चालू असताना ‘कुर्स्क’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीत सकाळी ११ वाजून २८ मिनिटांनी स्फोट झाला. टॉर्पेडोतील हायड्रोजन पेरॉक्साइडची गळती हे त्याचे कारण अधिकृत चौकशीत नमूद झाले. सुमारे सव्वादोन मिनिटांनी दुसरा, कितीतरी मोठा स्फोट झाला व पाणबुडी सुमारे १०८ मीटर खोलीवर तळाशी गेली. ११८ जणांपैकी २३ जण मागील नवव्या कप्प्यात जमले. त्यांची यादी कॅप्टन-लेफ्टनंट द्मित्री कोलेस्निकोव्ह यांनी लिहून ठेवली. पुढे ती त्यांच्या मृतदेहाजवळ मिळाली.

धोक्याचा अधिकृत इशारा त्या रात्री साडेअकराच्या सुमारास, म्हणजे स्फोटानंतर बारा तासांनी दिला गेला. रशियन बचाव पाणबुड्यांचे प्रयत्न अयशस्वी ठरले. परदेशी मदत १६ ऑगस्टला स्वीकारण्यात आली. नॉर्वेचे पाणबुडे खाली उतरल्यावर २१ ऑगस्टला मागील झाकण उघडले गेले, तेव्हा कप्पा पाण्याने भरलेला होता.

चित्रपटातील मांडणी

हा चित्रपट रॉबर्ट मूर यांच्या ‘अ टाइम टू डाय’ या पुस्तकावर आधारलेला आहे. नायक मिखाईल आवेरिन हे पात्र काल्पनिक आहे. ब्रिटिश नौदलातील डेव्हिड रसेल मात्र मूळ नावानेच येतात. राष्ट्राध्यक्षांचे पात्र चित्रपटात नाही. सत्तेचे प्रतिनिधित्व वयोवृद्ध नौसेनाधिकारी करतात. त्यामुळे निर्णयप्रक्रियेची जी शिखरे इतिहासाला तपासावी लागतात, ती पडद्याबाहेर राहतात.

अधिक महत्त्वाचा बदल काळाचा आहे. बचाव पाणबुडी जोडली जाण्याचे प्रयत्न वर चालू असताना आतील नौसैनिक जिवंत आहेत, असे चित्रपट दाखवतो. आत घटणारा प्राणवायू आणि बाहेर चाललेली टाळाटाळ आलटून पालटून दाखवल्याने विलंब हेच मृत्यूचे थेट कारण आहे, असा प्रेक्षकाचा ग्रह होतो.

कालावधी आणि जबाबदारी

अधिकृत चौकशीचा निष्कर्ष वेगळा आहे. त्यानुसार हे २३ जण आठ तासांच्या आत मरण पावले. म्हणजे धोक्याचा इशारा देण्यापूर्वीच. या कालावधीविषयी मतभेद आहेत. परंतु तो निष्कर्ष मान्य केला तरी शासनयंत्रणा दोषमुक्त होत नाही. बारा तास धोक्याचा इशारा न देणे, दुर्घटनेची तारीख प्रारंभी १३ ऑगस्ट सांगणे आणि परदेशी पाणबुडीशी टक्कर झाल्याची शक्यता पुढे करणे हे दोष नौसैनिक किती वेळ जगले यावर अवलंबून नाहीत. बचाव शक्य होता का, आणि नातेवाइकांना सत्य सांगितले गेले का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. चित्रपट त्यांना एकत्र बांधतो. परिणामी पहिल्याचे उत्तर नकारार्थी ठरल्यास दुसराही निकालात निघाल्याचा भास होऊ शकतो.

तथापि, चित्रपटाचे एक योगदान मान्य केले पाहिजे. शेवटी अंत्यविधीच्या प्रसंगी नायकाचा लहान मुलगा अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करण्याचे नाकारतो. हा प्रसंग कल्पित असला तरी कुटुंबीयांच्या संतापाचे मूळ तो अचूक दाखवतो. त्यांचा आक्षेप केवळ मृत्यूला नव्हता. आपल्याशी ज्या रीतीने वागले गेले, त्यालाही होता.

निष्कर्ष

दुर्घटनेवरील चित्रपटाचे मूल्यमापन करताना तपशिलांच्या अचूकतेबरोबर त्यातील काळाची रचना तपासणे आवश्यक आहे. पडद्यावर आशा टिकवण्यासाठी वाढवलेले तास कलेच्या दृष्टीने समर्थनीय असतील. पण इतिहासात ते पुरावा म्हणून गणले जाऊ नयेत. ‘कुर्स्क’च्या बाबतीत सत्तेला जाब विचारण्यास प्रत्यक्ष घडलेले बारा तास पुरेसे आहेत.