नुंगंबाक्कमची दमट हवा आणि गालिच्यातला वास : मांजराच्या मूत्राचा रासायनिक इतिहास

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, कॉलेज रोडवरील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक भक्कम स्तंभ आजही उभा आहे. मायकेल टॉपिंग यांच्या पुढाकाराने ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा १७९२ साली येथे उभी राहिली, तेव्हा या स्तंभावर ताऱ्यांचे वेध घेण्याचे उपकरण बसवले होते. पुढे १८९९ साली खगोलनिरीक्षणाचे काम कोडाईकनालला हलवण्यात आले आणि नुंगंबाक्कमकडे राहिली ती हवेची नोंद : तापमान, पाऊस, वारा आणि आर्द्रता. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत येथील सकाळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. नोव्हेंबर २०१५ मध्ये तर या केंद्रावर एकाच महिन्यात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला.

या आकड्यांचा मांजर पाळणाऱ्या घरांशी जवळचा संबंध आहे. उन्हाळ्यात धुऊन, वाळवून, वास गेला असे समजून पुन्हा अंथरलेला गालिचा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दमट हवेत पुन्हा वास मारू लागतो. घरातील माणसे मांजराला दोष देतात, जमीन फिनाईलने पुसतात आणि काही घरांत अखेर मांजरालाच बाहेरची वाट दाखवली जाते. पण बहुतेक वेळा मांजराने नव्याने काहीच केलेले नसते. वास जुनाच असतो आणि हवेतील पाणी त्याला पुन्हा मोकळा करत असते. हे कसे घडते याचे उत्तर मिळण्यास रसायनशास्त्राला अडीच शतके लागली.

वाळवंटातील पूर्वज

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियाच्या शुष्क प्रदेशांतील रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले. त्यामुळे या सहवासाची सुरुवात बरीच मागे गेली. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात जगण्यासाठी मार्जाराच्या मूत्रपिंडांना एक कौशल्य साधावे लागले. कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त टाकाऊ द्रव्य बाहेर टाकण्याचे ते कौशल्य होय. म्हणून मांजराचे मूत्र माणसाच्या मूत्रापेक्षा कितीतरी अधिक संहत असते. चार थेंबही खोली व्यापतात, याचे पहिले कारण हेच.

यूरियाचा शोध आणि अमोनियाचा उगम

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इलेर-मारँ रुएल यांनी १७७३ साली मूत्रातून यूरिया वेगळा केला. पुढे १८२८ साली फ्रीडरिश व्हलर यांनी बर्लिनमध्ये प्रयोगशाळेतील क्षारांपासून यूरिया तयार केला आणि त्यासाठी मूत्रपिंडाची गरज पडली नाही, असे आपले गुरू बर्झेलियस यांना मोठ्या आनंदाने कळवले. सजीवांतील द्रव्ये केवळ सजीवच बनवू शकतात, या समजुतीला तेथून उतरती कळा लागली.

यूरियाला स्वतःला वास जवळजवळ नसतो. म्हणूनच ताजे मूत्र फारसे झोंबत नाही. काही तासांनी जिवाणूंचे यूरिएज हे विकर यूरियाचे विघटन करते आणि नाकाला झोंबणारा अमोनिया सुटतो. हे विकर शुद्ध स्फटिकरूपात मिळवण्याचे काम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी केले. डावखुऱ्या समनर यांना लहान वयात शिकारीतील अपघातात डावा हात गमवावा लागला होता. आपल्या अबईच्या शेंगेच्या जातकुळीतील एका घेवड्याच्या बियांपासून त्यांनी १९२६ साली यूरिएजचे स्फटिक मिळवले आणि विकर म्हणजे प्रथिन असते हे दाखवून दिले. हा निष्कर्ष मान्य होण्यास बराच काळ गेला. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारात मिळणाऱ्या विकरयुक्त द्रावणांमागील मूलभूत समज या कामातून आली आहे.

अमोनियापलीकडचा वास

अमोनिया कोणत्याही प्राण्याच्या मूत्रातून सुटतो, मग मांजराचाच वास इतका वेगळा का? या प्रश्नाचा पहिला धागा लंडनमध्ये सापडला. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एस. पी. दत्ता आणि हॅरी हॅरिस हे निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या मूत्रातील अमिनो आम्ले तपासत होते. त्या काळी नवे असलेले कागदी वर्णलेखन हे तंत्र त्यांच्या हाताशी होते. १९५१ साली मांजराच्या मूत्रात त्यांना एक अनोळखी ठिपका दिसला. आर. जी. वेस्टॉल यांनी १९५३ साली ते द्रव्य वेगळे केले. ते गंधक असलेले एक नवे अमिनो आम्ल होते. मार्जारकुळाच्या लॅटिन नावावरून त्याला फेलिनिन म्हणतात.

फेलिनिनलाही स्वतःचा वास नसतो. ते हळूहळू विघटित होते आणि त्यातून थायॉल वर्गातील गंधकयुक्त बाष्पशील संयुगे सुटतात. थायॉलची जाणीव माणसाच्या नाकाला अत्यल्प प्रमाणातही होते. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात याच वर्गातील द्रव्य मिसळतात. फेलिनिनची निर्मिती नर-संप्रेरकाच्या प्रभावाखाली होत असल्याने नसबंदी न झालेल्या बोक्याचा वास सर्वांत उग्र असतो. नसबंदीनंतर तो बराच सौम्य होतो. जपानमधील मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक्सिन नावाचे प्रथिन मांजराच्या मूत्रात विपुल असल्याचे २००३ साली दाखवले आणि २००६ साली हेच प्रथिन फेलिनिन घडवणारे विकर असल्याचे सिद्ध केले. दत्ता आणि हॅरिस यांच्या ठिपक्याचे कोडे असे पंचावन्न वर्षांनी उलगडले.

भारतातील वाघीण आणि तांदळाचा गंध

मार्जारगंधाच्या अभ्यासातील एक मोलाचा अध्याय भारतात लिहिला गेला. ओडिशातील सिमिलिपाल व्याघ्रप्रकल्पाचे पहिले क्षेत्रसंचालक सरोज राज चौधरी यांनी १९७४ साली सापडलेला वाघिणीचा एक बछडा जशीपूर येथील आपल्या घरात वाढवला. खैरी नदीवरून तिचे नाव खैरी ठेवले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांना या वाघिणीमुळे गंधखुणांचा जवळून अभ्यास करता आला. वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडावर जो द्रव फवारतो, त्याला सुवासिक तांदळासारखा गंध येतो हे त्यांच्या ध्यानात आले. तो गंध देणारे संयुग २-अॅसिटिल-१-पायरोलिन हेच असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांसह १९९० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. बासमतीला आणि मावळातील आंबेमोहोराला सुगंध देणारे संयुगही हेच.

या संशोधनाने एक गोष्ट स्पष्ट केली. माणूस ज्याला घाण म्हणतो, ती मार्जारकुळाच्या दृष्टीने लिहिलेली चिठ्ठी असते. कोण आले होते, नर की मादी, किती वेळापूर्वी, हे सारे तीत असते. घरातील मांजर पुन्हा त्याच जागी जाते ते हट्टाने नव्हे. जुनी चिठ्ठी त्याला अजून वाचता येते म्हणून.

राख, मुलतानी माती आणि लोकर

हा वास आवरण्याचे जुने उपाय शोषणावर आधारलेले होते. आपल्याकडे राख किंवा वाळू टाकून जागा झाडून घेत. सारवलेल्या जमिनीवर, शहाबादी फरशीवर किंवा चेन्नईच्या जुन्या घरांतील तांबड्या घोटीव जमिनीवर ते पुरतही असे. अमेरिकेतही मांजराच्या पेटीत राखच घालत. १९४७ साली मिशिगन राज्यातील एडवर्ड लोव यांनी शेजारणीला राखेऐवजी दाणेदार शोषक माती दिली. ही माती म्हणजे आपली मुलतानी माती ज्या वर्गात मोडते त्याच वर्गातील. त्यातून मांजराच्या वाळूचा मोठा उद्योग उभा राहिला. गंमत अशी की लोकर धुण्यासाठी ही माती शतकानुशतके वापरात होती आणि प्राचीन रोममधील धोबी त्याच कामासाठी शिळे मूत्रही वापरत. त्यातील अमोनिया मेण आणि चरबी सोडवतो. सम्राट व्हेस्पेशियनने तर मूत्राच्या व्यापारावर कर बसवला होता.

गालिच्याची गोष्ट मात्र फरशीसारखी नाही. भवानीचा सुती जमखाना बादलीत बुडवून धुता येतो, उन्हात टाकता येतो. जाड लोकरी गालिच्यात मूत्र धाग्यांतून तळाच्या विणीपर्यंत आणि खालच्या अस्तरापर्यंत उतरते. वर दिसणाऱ्या डागापेक्षा खालचा डाग मोठा असतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी बाष्परूप ओल धरू शकते. वासाचे रेणू तिच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू त्यांची जागा घेतात, वाळलेले क्षार ओल ओढून घेतात, थंडावलेले जिवाणू पुन्हा कामाला लागतात. नुंगंबाक्कमच्या आर्द्रतामापकाचा काटा वर सरकतो तेव्हा गालिच्यात हेच घडत असते.

बाजारातील अनेक जाहिराती या परत येणाऱ्या वासाचा सारा दोष युरिक आम्लाच्या स्फटिकांना देतात. माणसाच्या बाबतीत युरिक आम्ल महत्त्वाचे आहे, कारण ते पुढे मोडणारे विकर मानवी पूर्वजांनी उत्क्रांतीच्या ओघात गमावले. मांजरात मात्र, बहुतेक सस्तन प्राण्यांप्रमाणे, ते शाबूत आहे. म्हणून त्याच्या मूत्रात युरिक आम्ल थोडेच असते. खरा अपराधी आहे गंधक.

वास मोडण्याची रीत

प्रथिने आणि मलिन द्रव्ये विकरांनी मोडण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी १९१३ साली कपडे धुण्याच्या क्षेत्रात आणली. त्यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरे वापरली. १९६०च्या दशकापासून ही विकरे जिवाणूंपासून मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. आजच्या द्रावणांत अनेकदा विकरांबरोबर निरुपद्रवी जिवाणूंचे बीजाणूही असतात. त्यांना काम करण्यास ओल आणि वेळ लागतो. मूत्र जेथवर उतरले तेथवर द्रावण पोचले पाहिजे आणि काही तास ओले राहिले पाहिजे. घाईने फवारून पुसले तर पैसे वाया जातात. प्रथिने मोडणारी विकरे लोकर आणि रेशीम यांनाही इजा करू शकतात, कारण हे दोन्ही धागे प्रथिनांचेच आहेत.

गंधकावरचा उपाय एका वेगळ्या दुर्गंधीतून आला. अमेरिकेतील रसायनज्ञ पॉल क्रेबॉम यांनी १९९३ साली स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यावर एक साधे मिश्रण सुचवले : ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण. पेरॉक्साइडमुळे थायॉलचे ऑक्सिडीभवन होऊन वास नसलेली संयुगे बनतात. मांजराच्या वासातही थायॉलच असल्याने हे तत्त्व येथेही लागू पडते. पेरॉक्साइडने रंग उडू शकतो, म्हणून आधी गालिच्याच्या कोपऱ्यावर पाहावे. मिश्रण ताजे करून लगेच वापरावे आणि उरलेले ओतून द्यावे. बंद बाटलीत ठेवल्यास वायू साठून बाटली फुटू शकते.

ताज्या डागासाठी क्रम सोपा आहे. चोळू नये, कोरडे कापड दाबून ओल टिपावी, थंड पाण्याने भिजवून पुन्हा टिपावे, मग पातळ व्हिनेगर लावावे. व्हिनेगर अमोनियाचे न उडणाऱ्या क्षारात रूपांतर करते. त्यानंतर विकरयुक्त द्रावण, आणि शेवटी पंख्याखाली किंवा सावलीतील वाऱ्यात गालिचा तळापर्यंत वाळवणे. दमट हवेत हा शेवटचा टप्पाच सर्वांत अवघड, आणि सर्वांत महत्त्वाचा.

फिनाईलचा धोका

भारतीय घरांत दुर्गंधीवरचा पहिला हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय जंतुनाशकांची ही परंपरा एकोणिसाव्या शतकातील आहे. माणसाचे यकृत ही द्रव्ये ज्या मार्गाने निकामी करते, त्या मार्गातील एक महत्त्वाचे जनुक मांजरात बिघडलेले आहे, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखवले. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला जीवघेणी ठरू शकते, ती याच कारणाने. फिनाईल लावलेल्या जमिनीवरून चालणारे मांजर नंतर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. ब्लीचही टाळावे. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरॅमिन हा श्वसनमार्गाला घातक वायू तयार होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नेहमी पेटीत जाणारे मांजर अचानक गालिच्यावर जाऊ लागले, तर ते मूत्रमार्गाच्या विकाराचे लक्षण असू शकते. बोका वारंवार बसत असेल आणि मूत्र होत नसेल, तर मार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी एक-दोन दिवसांचा उशीरही प्राणावर बेततो. त्या दिवशी गालिचा बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जावे लागते. चेन्नईत वेपेरी येथे १९०३ पासून मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे.

रुएलच्या यूरियापासून मियाझाकींच्या कॉक्सिनपर्यंतचा हा इतिहास एका क्षुल्लक वाटणाऱ्या घरगुती अडचणीवर प्रकाश टाकतो. वास कोणत्या रेणूचा आहे हे कळले की तो दडपण्याऐवजी मोडता येतो. आणि पावसाळ्यात परतलेला वास जुना आहे हे कळले, की कोपऱ्यात बसलेल्या निरपराध मांजरावरचा रागही ओसरतो.